तापल्यावर जाणारा आवाज

लिफ्ट बंद होती म्हणून ती दोघं भेटली. लिफ्ट चालू असती, तर तो सरळ तिसऱ्या मजल्यावर गेला असता, बेस गिटारचा बिघडलेला ॲम्प मामाच्या स्वाधीन करून आल्या पावली परत फिरला असता. ती, म्हणजे चिमटी, तेव्हा खाली गेली होती, सोल्डरच्या तारेचं रीळ आणायला.

रीळ घेऊन ती जिना चढत आली, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, दातांच्या दवाखान्यासमोर, एक उंचच उंच माणूस, पाठीला गिटार अडकवून, काळ्याभोर ॲम्पवर बसून धापा टाकत होता. पाय इतके लांब, की अख्खा जिना अडलेला.

"जरा वाट देता?"

"दिली असती हो… पण पाय ऐकत नाहीयेत." त्याने खरंच एक पाय हातांनी उचलून बाजूला ठेवला. "हे धूड खालपासून एकट्याने आणलंय."

"आणि चाललाय कुठे?"

"वर. बेसचे ॲम्प दुरुस्त करणारे एक मामा आहेत म्हणे. सगळे त्यांना मामाच म्हणतात."

"सगळे म्हणोत. पण ते माझे मामा आहेत. सख्खे. माझ्या एकटीचे."

तो हसला. हसला तेव्हा आवाज पोटातून आला, जाड, उबदार. चिमटीने रीळ या हातातून त्या हातात घेतलं.

"काय होतंय ॲम्पला?"

"आवाज जातो."

"जातो म्हणजे कसा? पटकन, का रेंगाळत?"

"म्हणजे… जातो."

"करून दाखवा."

"इथे? जिन्यात?"

"डॉक्टरांसमोर खोकून दाखवता ना? तसंच. लाजायचं काय त्यात?"

त्याने इकडे-तिकडे बघितलं, गळा साफ केला आणि सुरुवात केली. "डूम… डूम… डूम… फर्र्र… फुस्स." शेवटचं 'फुस्स' तर त्याने गाल फुगवून, डोळे मिटून इतकं मनापासून केलं, की दवाखान्याचं दार उघडलं आणि नर्सबाईंनी डोकं बाहेर काढलं.

"फार दुखतंय का हो? नंबर लावलाय?"

चिमटीला कठड्याचा आधार घ्यावा लागला, इतकं हसू आलं. तो कानापर्यंत लाल झाला. आणि मग तोही हसत सुटला. उरलेला एक मजला त्या दोघांनी तो ॲम्प एकेका बाजूने धरून चढवला. तिची बाजू अजिबात खाली जात नव्हती, हे त्याने बघितलं. त्याने ते बघितलं, हे तिनेही बघितलं.

मामाचं वर्कशॉप म्हणजे दोन खोल्या आणि एक लांबलचक गॅलरी. खिडकीखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी बाक, त्यावर मीटर, पक्कडी, सोल्डरिंगची गन. पलीकडच्या खोलीत मामीचं शिलाई मशीन. ॲम्पची कव्हरं आणि स्पीकरवरची जाळी मामी शिवायची, आणि तिथून तिचं इकडच्या खोलीतल्या प्रत्येक वाक्याकडे लक्ष असायचं. राहायची जागा मागच्या बाजूला.

चिमटी शाळा संपल्यावर शिकायला म्हणून मामाकडे आली, ती परत गेलीच नाही. हे नाव मामानेच दिलेलं. सुट्टीत यायची तेव्हा ॲम्पच्या आत पडलेला स्क्रू तिची इवलीशी बोटं बरोब्बर उचलून आणायची. आता ती सव्वीस वर्षांची होती, आणि गेली तीन वर्षं मामाचा हात थरथरायला लागल्यापासून सोल्डरचं सगळं काम तिचंच होतं. कान मामाचा, हात तिचा. या तीन वर्षांत तिच्या हातून गेलेला एकही ॲम्प परत आला नव्हता. ही गोष्ट ती स्वतःहून कुणाला सांगत नसे. पण कुणी विचारावं म्हणून जरा थांबत मात्र असे.

"हं, बेसवाले," मामा म्हणाला, "बसा. आमची डॉक्टरीण बघेल."

बेसवाल्याने तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही…"

"हो. मीच."

"मग जिन्यात सांगितलं का नाही?"

"तुम्ही 'फुस्स' इतकं छान केलं नसतं."

तिने झाकणाचे आठ स्क्रू काढले. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ती आतल्या एकेका भागावर हलकेच टकटक करत गेली, आणि एका जागी स्पीकरमधून 'फर्र' झालं. तिने भिंग घेतलं. खडूच्या तुकड्यांसारखी दोन पांढरी रेझिस्टर जोडीने उभी होती. एकाच्या पायाशी, जिथे सोल्डरचा जोड, म्हणजे डाख, असतो तिथे, केसाएवढी बारीक गोल भेग.

"हे बघा. ही तापतात. रोज तापायचं, रोज निवायचं, वर तुमच्या त्या जाड तारांचे हादरे. डाख तडकला."

तो बघायला वाकला. त्याच्या शर्टाला ताज्या इस्त्रीचा वास होता. "इतकीशी भेग… आणि सगळा आवाज बंद?"

"इतकीशीच असते नेहमी." तिने तिथे नवा डाख दिला, तो चांदीसारखा चमकून बसला.

"तुम्ही स्वतः काय वाजवता?"

"मी काही वाजवत नाही. दुसऱ्यांचं वाजेल एवढं बघते."

तो पुन्हा तसाच हसला, पोटातून. ती गन हातात तशीच धरून बघत राहिली. मग तिने सगळी बटणं साफ केली, स्क्रू आवळले, झाकण लावलं.

मोठ्या आवाजात वाजवून बघायची वेळ ठरलेली होती, एक ते दोन. खालचे डॉक्टर तेव्हा जेवायचे. एरवी वर बेस वाजला की खाली पेशंटच्या तोंडातलं यंत्र हलतं, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. एक वाजता त्याने गिटार गळ्यात घातली आणि सगळ्यात खालची तार छेडली. बाकावरच्या ताटलीतले स्क्रू नाचायला लागले. मामीची कात्री चालत चालत मशीनच्या कडेला गेली. चिमटीच्या कपातल्या चहावर गोल गोल वलयं उठली, आणि ती त्या वलयांकडेच बघत राहिली, कारण त्याच्या बोटांकडे बघत राहणं बरं दिसलं नसतं.

"झकास!" मामा म्हणाला.

"झकास," बेसवाला म्हणाला. तो मात्र ॲम्पकडे बघत नव्हता.

आठवड्याने तो परत आला.

चिमटीने हातातलं काम खाली ठेवलं. परत आलेला ॲम्प! पण त्याचं म्हणणं एवढंच होतं, की आवाजाचं बटण सैल झालंय, नुसतंच गरागरा फिरतंय. तिने बघितलं. बटणाच्या पोटातला बारीक स्क्रू निम्मा बाहेर आलेला. असले स्क्रू आपोआप सुटत नाहीत, आणि तिने आवळलेले तर नाहीच नाही. तिने त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीतून बाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे फार गंभीरपणे बघत होता.

"एवढ्यासाठी तीन मजले चढून आलात?"

"लिफ्ट चालू झालीये."

"एवढा स्क्रू तुम्हाला घरी आवळता आला नाही?"

"मी… हलक्या हाताचा माणूस आहे."

पलीकडे मामीचं मशीन थांबलं. चिमटीने अर्ध्या मिनिटात स्क्रू आवळला, आणि तो पुढे दोन तास बसला. ताईच्या बँडबद्दल बोलला. ताई त्याची थोरली बहीण, ड्रम वाजवायची, बँड तिचाच. तिची शिस्त अशी, की तालीम चारची असेल तर पावणेचारला पोचणारा माणूससुद्धा तिला उशिराचा वाटे. येत्या रविवारी त्यांचा कार्यक्रम होता, तोही साधासुधा नाही. आठ गावांच्या दौऱ्यासाठी बँड निवडायला एक आयोजक बाई येणार होत्या. त्याने जाता जाता तिकीट बाकावर ठेवलं.

"याल?"

"बघू."

"'बघू' म्हणजे हो, का नाही?"

"'बघू' म्हणजे बघू."

तो गेल्यावर मामा खुर्चीतून म्हणाला, "ॲम्प ठीक आहे. पोरगा बिघडलाय."

"मामा!"

"नुसतं निदान केलं गं. उपचार तुझे तू बघ."

आणि मग शुक्रवारी तो तिसऱ्यांदा आला. या वेळी हसत नव्हता.

"आवाज पुन्हा गेला," तो म्हणाला. "काल तालमीत. पाऊण तास मस्त चालला आणि मग फर्र… आणि बंद. थोडा वेळ थांबलो, तर परत सुरू."

चिमटीने झाकण उघडलं. पेन्सिलीने टकटक केलं. काही नाही. ॲम्प सुरू करून पंधरा मिनिटं हळू आवाजात चालवला. आवाज स्वच्छ, गोल, खणखणीत. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तिला ते निम्मं बाहेर आलेलं बटण आठवलं.

"याला काहीही झालेलं नाही."

"अहो, पण काल…"

"मागच्या वेळी तो स्क्रू तुम्ही सैल केला होतात की नाही?"

त्याने नजर खाली वळवली. मग म्हणाला, "केला होता. कबूल. तुम्हाला भेटायचं होतं, दुसरं काही सुचलं नाही. पण आज मी खरं सांगतोय."

"मी दुरुस्त केलेला ॲम्प परत येत नाही."

"हा आलाय."

"हा आलेला नाही, आणलेला आहे!"

बोलून झाल्यावर तिलाच ते जरा जास्त वाटलं. पण तीर सुटला होता. बेसवाल्याने शांतपणे झाकण लावून घेतलं, वायर गुंडाळली. "ताई म्हणालीये, पुढच्या वेळी बेसचा आवाज गेला तर त्याच्याबरोबर तूही जा. दुसरा बेसवाला तिने बघून ठेवलाय," तो म्हणाला. "मी थट्टा करायला आलो नव्हतो. येतो."

त्याची पावलं जिन्यावरून खाली जाताना ऐकू आली. लिफ्ट चालू असूनही तो ते धूड उचलून जिन्याने गेला. मामाने नुसता चष्मा पुसायला घेतला, आणि ते चिमटीला फार लागलं. त्या दिवशी तिने एक साधी वायर तीनदा उलटी जोडली.

रविवारी दुपारी ती निघाली. निघताना हत्यारांची पिशवी उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

"एवढी खात्री आहे, तर पिशवी कशाला?" मामाने विचारलं.

"छत्री घेतली की पाऊस येत नाही ना, म्हणून."

हॉल लहानसा होता, दीडशे खुर्च्यांचा. ज्याचं त्याचं वाद्य ज्याच्या त्याच्या ॲम्पमधून. चिमटी कडेच्या खुर्चीत बसली. पडदा बाजूला झाला आणि तो दिसला, मागच्या ओळीत, ताईच्या ड्रमच्या शेजारी. त्यानेही तिला बघितलं. मान किंचित झुकवली, बस.

मग तो वाजवायला लागला. चिमटीने आजवर शेकडो बेस ऐकले होते, पण ते सगळे ॲम्प तपासायला, खरखर शोधायला. नुसतं बसून, काही न शोधता, ती पहिल्यांदाच ऐकत होती. तो पुढे पुढे करत नव्हता. गाणारीच्या सुराखाली तो सपाट, भक्कम जमीन घालत जायचा आणि ती त्यावरून बिनधास्त चालायची. दुसऱ्या ओळीत डोळ्यांवर चष्मा सरकवून बसलेल्या आयोजक बाईंचा पाय ताल धरत होता. तो पाय बेसवर चाललाय, हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. चिमटीला ठाऊक होतं. तिला उगाचच अभिमान वाटला.

सातव्या गाण्यात, मध्यावर, 'फर्र' झालं.

तिच्या आधी तिच्या कानांनी ओळखलं. मग 'फुस्स', आणि गाण्याखालची जमीन निघून गेली. गाणारी अडखळली. आयोजक बाईंचा पाय थांबला. ताईने ड्रम वाजवता वाजवता भावाकडे जे बघितलं, ते बघून कडेच्या खुर्चीतल्या चिमटीच्याही अंगावर काटा आला. तो नुसता उभा होता, मुक्या तारांवर हात ठेवून. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

खरं बोलत होता तो. आणि आपण?

चिमटी उठली. पिशवी खांद्याला लावली, पायऱ्या चढली आणि दीडशे माणसांसमोर सरळ स्टेजवर गेली.

"कोण तुम्ही?" ताईने दातांतल्या दातांत विचारलं.

"मेकॅनिक. मला दहा मिनिटं हवीत."

"दहा मिनिटं मी काय करू?"

"तुम्ही ड्रम वाजवता ना?"

ताईने तिला एकदा नखशिखान्त न्याहाळलं. मग बाकीच्यांना हाताने थांबवलं, काठ्या उचलल्या आणि एकटीनेच सुरू केलं.

चिमटीने ॲम्पची वायर काढली. आत साठलेली वीज उतरेपर्यंत थांबणं भाग होतं. ती दोन मिनिटं तिला दोन तासांसारखी गेली. गन तापायला लावली. झाकण उघडलं आणि बेसवाल्याच्या हातात विजेरी कोंबली.

"धर. हलू नकोस. आणि हे स्क्रू मुठीत ठेव, एकही पडता कामा नये."

"पण…"

"बोलू नकोस."

आत चांगलीच गरमी होती. वर्कशॉपमध्ये झाकण उघडं असायचं, खिडकीचा वारा यायचा, आवाज डॉक्टरांच्या भीतीने हळू. इथे झाकण बंद, खाली हादरणारा स्पीकर, वर दिव्यांची ऊब. तिने मीटर लावून वीज उतरल्याची खात्री केली आणि पेन्सिल टेकवली. जोडीतलं एक पांढरं रेझिस्टर, तिने डाख दिलेलं, खडकासारखं घट्ट. तिने दुसऱ्याला टेकवली.

ते हललं.

त्याच्या पायाशी तशीच गोल भेग होती. निवलं की मिटायची, तापलं की उघडायची. अशी जोडी असली की दोन्हीचे डाख नव्याने द्यायचे, हा मामाचा पहिला धडा. ती हे झोपेतसुद्धा विसरत नसे. त्या दिवशी मात्र एकाला डाख दिला होता, दुसऱ्याला द्यायचा राहिला होता. त्या दोन डाखांच्या मध्ये काय घडलं होतं, तेही तिला स्वच्छ आठवलं, आणि स्टेजच्या त्या उजेडात तिचे कान तापले.

तिकडे ताईने ड्रमवर असा काही धुमाकूळ घातला होता, की लोक टाळ्यांनी साथ देऊ लागले होते. चिमटीचा हात थरथरला नाही. जुना डाख वितळवून काढला, नवा दिला. मग त्याच्या मुठीतून एकेक स्क्रू घेत झाकण लावलं. त्याचा तळहात घामाने ओला होता. सातवा स्क्रू घेताना तिची बोटं तिथे जरा जास्त रेंगाळली. आठवा त्याने स्वतःच उचलून तिच्या बोटांत दिला.

"वाजव," ती म्हणाली.

त्याने सगळ्यात खालची तार छेडली. आवाज स्टेजच्या फळ्यांमधून तिच्या पावलांत आला. ताईने मान वरसुद्धा न करता गाण्याचा ताल पकडला, आणि ते गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच उभं राहिलं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. चिमटी खाली उतरली नाही. उरलेली पाच गाणी ती ॲम्पच्या मागे, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी बसून राहिली, एक हात झाकणावर ठेवून. ॲम्प चांगला तापला. आवाज गेला नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती आधी ताईकडे गेली.

"चूक माझी होती. त्याने शुक्रवारी मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. त्याला बोलू नका."

ताईने टॉवेलने मान पुसली. "चूक कबूल करणारा मेकॅनिक मी जन्मात पहिल्यांदा बघतेय." मग काठ्यांनीच मागच्या दाराकडे खूण केली. "सामान लावतोय तो."

मागच्या दाराबाहेर पत्र्याची शेड होती, तिच्यापुढे उघड्यावर टेंपो उभा. बारीक पाऊस लागला होता, पत्र्यावर नुसती कुजबुज केल्यासारखा. त्याने ॲम्पवर प्लॅस्टिक घातलं होतं आणि स्वतः भिजत होता.

"स्टेजवर मला 'तू' म्हणालात," तो म्हणाला.

"घाई होती."

"आता घाई नाहीये."

"आता सवय झाली." ती शेडच्या कडेशी त्याच्यासमोर उभी राहिली. "ऐक. तिथे जोडीने दोन रेझिस्टर आहेत. दोन्हीचं काम एकदम करायचं असतं. मी एकाचं केलं, दुसऱ्याचं राहिलं. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

"मग याच वेळी कसं झालं?"

काहीही सांगता आलं असतं. डोळे दुखत होते, उजेड कमी होता…

"तू हसलास," ती म्हणाली. "मध्येच. आणि मी कुठे होते तेच विसरले."

तो बघतच राहिला. हनुवटीवर पाण्याचा थेंब लोंबत होता, तोही त्याने पुसला नाही.

"मला तू आवडतोस," चिमटी म्हणाली. "त्या जिन्यापासून. मी शुक्रवारी जे बोलले ते फार वाईट बोलले. आता तू काहीतरी बोल. नाहीतर मी जाते, मला बस पकडायचीये."

"मी…" तो म्हणाला. "तो बटणातला स्क्रू… अर्धा तास लागला मला तो सैल करायला. निघतच नव्हता."

"मी आवळला होता."

"हो ना. तेव्हाच वाटलं, ही पोरगी काही साधी नाही." तो हसला, आणि मग हसू ओठांवरच अडकलं. "जिन्यात तू म्हणालीस ना, 'माझ्या एकटीचे'… तेव्हा मला तुझ्या मामाचा हेवा वाटला. म्हटलं, आपल्याबद्दल कुणी असं ठासून म्हणायला हवं."

चिमटीने ओढणीचं टोक त्याच्या हनुवटीला लावलं आणि तो थेंब टिपला. "म्हणते ना," ती म्हणाली. "त्यात काय अवघड आहे?"

त्या दिवशी तिची बस चुकली. नंतरच्याही दोन चुकल्या.

दौरा त्यांनाच मिळाला. आठ गावं, दोन महिने. ताई स्वतः वर्कशॉपमध्ये आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आमच्याबरोबर चल. सामान सांभाळायला तुझ्यासारखी कुणीतरी हवी."

मोह झाला. खोटं कशाला बोला? पण चिमटीने बाकाकडे बघितलं. तिथे रांगेत लागलेले ॲम्प होते आणि मामा थरथरत्या हाताने त्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता.

"नाही ताई," ती म्हणाली. "माझं काम इथे आहे. ॲम्प मात्र असे तयार करून देते, की दोन महिने कुणाची आठवण येणार नाही."

"ॲम्पला येणार नाही," ताई म्हणाली. "बाकीच्यांचं मी काय करू?"

निघायच्या दिवशी सकाळी टेंपो इमारतीखाली उभा होता. चिमटीने एकेक वायर स्वतः तपासली. बेसवाला तिच्यामागे नुसताच फिरत होता, हातात काही नसताना.

"वाट बघशील?" त्याने शेवटी विचारलंच.

"छे. मला काम किती पडलंय! वाट-बिट बघायला वेळ नाही मला." त्याचा चेहरा पडलेला बघून ती जवळ आली. "पण तू आलास की काम थांबवीन."

तिला तीन वर्षं ओळखणाऱ्या माणसाला या वाक्याचं वजन कळलं असतं. याला तीन आठवड्यांतच कळलं. त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला, सोल्डरच्या बारीक चट्ट्यांसकट.

"परत आलो की… घरी येऊ? मामांना विचारायला?"

"बोलायला ये. जेवायला ये. पण विचारायचं असेल, ते मला विचार."

टेंपोचा हॉर्न वाजला. ताई खिडकीतून घड्याळ दाखवत होती.

"मग विचारतो. करशील माझ्याशी लग्न?"

"करीन," ती म्हणाली. "पळ आता, ताई चिडेल."

तो पळाला. पळता पळता दोनदा मागे वळून बघितलं, आणि दुसऱ्या वेळी टेंपोच्या दारावर आपटला. टेंपो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत चिमटी उभी राहिली, मग दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आली. मामा बाकाशी भिंगातून काहीतरी बघत होता.

"मामा, मला तुझ्याशी बोलायचंय. मी लग्न करतेय."

मामाने भिंग खाली ठेवलं. डोळे पुसले. भिंगामुळे पाणी आलं, असं दाखवायचा त्याने बराच प्रयत्न केला.

"बेसवाल्याशी?"

"मग आणखी कुणाशी?"

"बरं. मामीला तू सांगतेस, की मी सांगू?"

पलीकडच्या खोलीतून मशीन न थांबवताच मामी म्हणाली, "मला तिने कधीच सांगितलंय. त्या शुक्रवारी."

"कुठल्या शुक्रवारी?" मामा उठून उभाच राहिला. "शुक्रवारी तर हिने त्याला हाकलून दिला होता!"

"हाकलून दिला, आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, मामी, करीन तर याच्याशीच."

मामाने चिमटीकडे बघितलं, मग त्या खोलीच्या दाराकडे बघितलं, मग परत चिमटीकडे.

"म्हणजे या घरात सगळ्यात शेवटी मला कळलं?"

"नाही रे मामा," चिमटी म्हणाली आणि गन तापायला लावली. "सगळ्यात शेवटी त्याला कळेल. शुक्रवारचं त्याला अजून सांगायचंय."